आधी डोंगर, मग पाणी, मग गाव

कल्पनारम्य कादंबरी लिहिणाऱ्यांना, मित्रांबरोबर डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखे खेळ खेळणाऱ्यांना किंवा नुसतीच एखादी न पाहिलेली भूमी मनात घोळवणाऱ्यांना कधी ना कधी तिचा नकाशा काढावासा वाटतो. त्यासाठी लागणारी साधने आता घरच्या संगणकावर फुकट मिळतात. तरीही पहिला नकाशा बहुधा अर्ध्यावरच अडतो आणि त्याचे कारण हात कच्चा असणे हे क्वचितच असते. किनाऱ्याची एक नागमोडी रेघ ओढली जाते, आतल्या मोकळ्या जागेत डोंगर, जंगल, किल्ला, राजधानी जमेल तशी बसवली जाते आणि मग काहीतरी खटकू लागते. काय खटकते ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण त्या भूमीवर त्याचा विश्वास बसत नाही.

विश्वास बसतो तो कारणांमुळे. खऱ्या प्रदेशात डोंगर कुठे आहेत यावर पाऊस ठरतो, पावसावर नद्या, नद्यांवर शेती आणि गावे, गावांवर रस्ते, रस्त्यांवर सत्ता. चित्रकलेच्या जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये थर असतात, म्हणजे लेयर. या थरांचा क्रम भूगोलाच्या क्रमाने लावला, तर प्रत्येक थर खालच्या थराला जाब देतो आणि नकाशा काढता काढताच प्रदेश घडत जातो. पुढचे सगळे मार्गदर्शन या एका गोष्टीभोवती आहे.

साधनांबद्दल थोडक्यात. रंगवण्यासाठी मी क्रिता सुचवेन. ते मोफत आहे, मुक्त स्रोताचे आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते, आणि मुळात हाताने चित्र काढणाऱ्यांसाठी बनवलेले आहे. अक्षरांसाठी इंकस्केप, तेही मोफत. गिंप आधीपासून येत असेल तर क्रिताऐवजी तेही चालेल. आयपॅडवाल्यांना प्रोक्रिएट आवडते. स्क्रीन नसलेला साधा पेन टॅब्लेट असेल तर हात लवकर बसतो, कारण पेनच्या दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक होते; पण माउसवरही चांगले नकाशे होतात. इंकार्नेट आणि वंडरड्राफ्ट ही खास नकाशांसाठीची साधने आहेत. त्यांत तयार डोंगर, झाडे, किल्ले ठशांसारखे उमटवता येतात. आठवड्याच्या खेळासाठी घाईने नकाशा हवा असेल तर ती उत्तम. पण तुमच्या पुस्तकासाठी नकाशा हवा असेल तर पहिले काही नकाशे हातानेच काढा. तयार ठशांचे नकाशे एकमेकांसारखे दिसतात आणि तुमच्या भूमीचा चेहरा त्यात हरवतो.

कॅनव्हास उघडण्याआधी प्रमाण ठरवा. ए-चार कागद आडवा, ३०० डीपीआय म्हटले की रुंदी ३५०८ पिक्सेल आणि उंची २४८० पिक्सेल. आता एक सेंटिमीटर म्हणजे २५ किलोमीटर धरा. हे साधारण धडधाकट माणसाचे दिवसभराचे पायी अंतर आहे. म्हणजे तुमचा कागद डावीकडून उजवीकडे जवळपास तीस दिवसांच्या चालीचा, साधारण ७४० किलोमीटरचा झाला. पुण्याहून नागपूरला रस्त्याने जायला जेवढे अंतर पडते त्याहून थोडा जास्त. हे एकदा ठरले की कथेतले प्रश्न आपोआप सुटू लागतात. निरोप्या घोड्यावरून किती दिवसांत पोचेल? सैन्य किती दिवसांत? मोठा समुदाय एकट्या वाटसरूपेक्षा बराच हळू चालतो. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी मुक्काम करत १८ ते २० दिवसांत कापते, म्हणजे सरासरी दिवसाला तेरा-चौदा किलोमीटर. बायकामुले आणि सामानसुमान घेऊन निघालेल्या तुमच्या निर्वासितांचा तांडा याहून फार वेगाने जाणार नाही. नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाणपट्टी आत्ताच एका वेगळ्या थरावर काढून ठेवा. शेवटी काढायची म्हटली की ती खोटी निघते.

पहिला थर समुद्राचा आणि दुसरा जमिनीचा. किनारा काढताना सगळीकडे सारखीच थरथरती रेघ ओढण्याचा मोह होतो. खरा किनारा असा नसतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे डोंगर समुद्रापर्यंत येतात, म्हणून तिथे भूशिरे, खाड्या आणि लहान लहान पुळणी आहेत. कोरोमंडल किनाऱ्यावर मैदान समुद्राला मिळते, म्हणून तो लांबच लांब सरळ आणि वालुकामय आहे. नॉर्वेत हिमनद्यांनी दऱ्या कोरल्या आणि त्यांत समुद्र शिरला, म्हणून तिथे अरुंद, खोल फियॉर्ड आहेत. तेव्हा आधी पेन्सिलीच्या थरावर डोंगरांची धार कुठून जाते तेवढी एक रेघ काढा. जिथे ती समुद्राजवळ येते तिथे किनारा दातेरी करा, जिथे दूर जाते तिथे सपाट.

हाताला सवय नसेल तर किनारा संगणकाकडूनही मिळवता येतो. गिंपमध्ये फिल्टर्समधल्या रेंडरखाली नॉइजचे प्रकार आहेत. त्यातला सॉलिड नॉइज घेतला की करड्या ढगांसारखे चित्र तयार होते. मग कलर्स मेनूतले थ्रेशहोल्ड लावा. एका पातळीच्या वरचे सगळे पांढरे, खालचे सगळे काळे होते आणि काळ्या समुद्रात पांढरी बेटे उभी राहतात. पातळी सरकवून पाहा, समुद्र चढतो-उतरतो. हा आकार तसाच वापरू नका. तो खाली ठेवून वरच्या थरावर स्वतःच्या हाताने किनारा गिरवा, वर सांगितलेल्या कारणांनी बदल करत. क्रितात ब्रशच्या पर्यायांमध्ये रेघ स्थिर करणारी सोय आहे; ती थोडी चालू ठेवली तर रेघ डळमळत नाही, पण फार वाढवली तर किनारा गुळगुळीत आणि निर्जीव होतो.

जमीन एका रंगाने भरून तो थर एका गटात ठेवा आणि जमिनीवरचे पुढचे सगळे रंग त्याच गटात वरच्या थरांवर द्या. क्रितात प्रत्येक थरापुढे अल्फाचे छोटे चिन्ह असते. वरच्या थरांसाठी ते दाबले की रंग जमिनीच्या कडेबाहेर सांडत नाही. ही एक सोय समजली तरी अर्धे काम हलके होते. जुन्या नकाशांत किनाऱ्याला समांतर लाटांच्या रेघा असतात, त्याही सोप्या आहेत. जमीन निवडा, निवड सहा-सात पिक्सेलने वाढवा, कडेने बारीक रेघ ओढा, पुन्हा वाढवा, पुन्हा ओढा, दरवेळी रेघ फिकी करत. तीन रेघा पुरतात.

आता डोंगर. शिखरे विखुरलेली टाकू नका. डोंगर रांगेने उभे असतात आणि रांगेला फाटे फुटतात. मघाशी काढलेल्या धारेवर शिखरे काढायची ती वरून खाली, म्हणजे आधी मागची, मग पुढची. प्रत्येक शिखराच्या आत जमिनीचाच रंग भरलेला असू द्या, म्हणजे पुढच्या डोंगराने मागच्याची रेघ झाकली जाते. आकार, उंची, उतार बदलत राहा. आठ-दहा वेगवेगळी शिखरे नीट काढून त्यांचा एकच ब्रश करता येतो, जो दरवेळी त्यातले एखादे शिखर उमटवतो. गिंप आणि क्रिता दोन्हींत हे जमते. असा ब्रश वापरला तरी मुख्य शिखरे, कथेतली शिखरे, हातानेच काढा.

उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतो असे धरून छाया उजव्या उतारावर द्या. ही नकाशाशास्त्रातली जुनी रीत आहे आणि तिला कारण आहे. उजेड खालून दिला तर अनेकांच्या डोळ्यांना डोंगर दऱ्यांसारखे आणि दऱ्या डोंगरांसारख्या दिसू लागतात. छायेचा थर वेगळा ठेवून त्याचा मिसळण्याचा प्रकार (ब्लेंडिंग मोड) मल्टिप्लाय करा, म्हणजे खालचा रंग बिघडत नाही. या कामाची उंची पाहायची असेल तर स्विस नकाशाकार एडवार्ड इम्होफ यांचे डोंगरांचे नकाशे शोधून पाहा. निळसर छाया आणि उबदार उजेड एवढ्यावर त्यांनी आल्प्स कागदावर उभे केले.

आणि मग पाणी. इथे थांबून वेळ द्यायला हवा, कारण बहुतेक काल्पनिक नकाशे इथेच फसतात.

वारा कुठून येतो हे ठरवा आणि कागदाबाहेर एक बाण काढून ठेवा. वारा समुद्रावरून येऊन डोंगराला धडकला की त्या बाजूला पाऊस, आणि पलीकडे पर्जन्यछाया. हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात ५०० मिलिमीटरच्या आसपास. समजा तुमचे बेट आहे शिंपलबेट, त्याचा डोंगरांचा कणा उत्तर-दक्षिण आणि पूर्व किनाऱ्याजवळ, आणि वारा पूर्वेकडून येतो. मग पूर्वेची अरुंद पट्टी ओली, गर्द, भाताची. पश्चिमेचे विस्तीर्ण पठार कोरडे, गवताळ, गुराढोरांचे. कथेतली दोन राज्ये कोणत्या गोष्टीवरून भांडतील हे आता तुम्हाला वेगळे शोधावे लागणार नाही.

नदी काढण्याचे नियम फार थोडे आहेत आणि ते मोडायला मोठे कारण लागते. नदी उतारानेच जाते. नद्या एकमेकींना मिळतात, फुटत नाहीत. समुद्राजवळच्या त्रिभुज प्रदेशात किंवा वाटेत बेट आले तरच फाटा पडतो. तलावात कितीही नद्या येवोत, बाहेर पडणारी बहुधा एकच असते. एकच नदी बेटाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जात नाही. दोन्ही टोके समुद्रात असतील तर ती नदी नव्हे, सामुद्रधुनी. उपनदी मिळते तेव्हा त्या दोघींमधला कोन टोकदार असतो आणि त्याचे टोक प्रवाहाच्या दिशेला असते. नवशिक्यांच्या नकाशात तो उलटा पडतो आणि मग पाणी चढ चढताना दिसते.

नदी सगळ्यात जवळच्या समुद्राकडे जाईलच असेही नाही. तिला उतार कळतो, अंतर कळत नाही. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ६५ किलोमीटर. तरी ती पूर्वेकडे वळते आणि सुमारे १४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगरमाथ्यावर उगवलेली सावित्री मात्र पश्चिमेला उतरते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. दोघींच्या उगमांमध्ये असलेली ती उंच धार, म्हणजे जलविभाजक, तुमच्या नकाशावर आधी एका तात्पुरत्या थरावर काढून घ्या. शिंपलबेटावर तिच्या पूर्वेला आखूड, वेगवान, एकमेकींना न भेटणाऱ्या पुष्कळ नद्या येतील. पश्चिमेला दूरवरून उपनद्या गोळा करत जाणाऱ्या दोन किंवा तीन मोठ्या. कुठलीही नदी ही धार ओलांडताना दिसली तर ती खोडा.

नदी मुखापासून उगमाकडे काढत गेलात तर सोपे जाते. मुखाशी ब्रश सहा पिक्सेलचा, मधल्या टप्प्यात चारचा, वर डोंगरात दोनचा. पेन असेल तर दाब हळूहळू कमी करत न्या. डोंगरात वळणे तुटक आणि कोनदार, मैदानात मोठी आणि सैल. नद्यांचा थर पूर्ण झाला की बाकीचे सगळे थर लपवून फक्त नद्या आणि किनारा बघा. झाडाच्या फांद्यांसारखी रचना दिसली पाहिजे. ती तशी दिसत नसेल तर पुढे जाऊ नका.

जंगलाला फार वेळ लागत नाही. ओल्या बाजूला त्याची फक्त कड काढा, आत चार-दोन झाडे, बाकी हिरवी छटा. प्रत्येक झाड काढले तर नाव लिहायला जागा उरत नाही.

गावे मात्र विचार करून. कारण नसताना गाव वसत नाही. संगम, नदी पायी ओलांडता येईल अशी जागा, नैसर्गिक बंदर, खिंडीचे तोंड, डोंगर आणि मैदान जिथे भेटतात ती पट्टी, या जागा वर्तुळांनी दाखवून ठेवा. कृष्णा-कोयनेच्या संगमावर कऱ्हाड आहे. सातवाहनांच्या काळात जुन्नरकडून कोकणातल्या बंदरांकडे जाणारा माल नाणेघाटातून उतरत होता, म्हणून त्या घाटाला आणि जुन्नरला महत्त्व आले. तुमच्या बेटावरही कणा ओलांडायला दोन-तीनच खिंडी ठेवा. जितक्या कमी खिंडी, तितक्या त्या मोलाच्या; किल्ले तिथेच येतील, जकात तिथेच बसेल, लढाया तिथेच होतील. सगळ्यात मोठी वर्तुळे जिथे एकावर एक येतात, तिथे राजधानी. रस्ते दरीच्या कडेने न्या आणि नदी शक्यतो एकदाच ओलांडा. राज्यांच्या सीमा सगळ्यात शेवटी, तुटक रेघेने, निराळ्या थरावर, कारण कथा लिहिताना त्या बदलणार.

रंगांबद्दल एकच आग्रह: कमी. जळक्या कडांच्या पिवळट कागदाचा पोत सर्रास वापरला जातो, त्याची गरज नसते. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या १९५४-५५ मधल्या पहिल्या आवृत्तीसाठी ख्रिस्टोफर टॉल्किन यांनी काढलेला मोठा नकाशा काळा आणि लाल अशा दोन रंगांत छापला होता आणि आजही तो वाचताना कसलीही उणीव जाणवत नाही.

नावे ठेवताना प्रत्येक लोकसमूहासाठी चार-पाच शेवट ठरवा आणि ते पाळा. आपल्याकडे कोकणात कणकवली, डोंबिवली, बोरिवली सापडतात, तर घाटावर पारनेर, संगमनेर. एकाच नावाचे खुर्द आणि बुद्रुकही शेजारी शेजारी असतात. नकाशावर एका भागात एक शेवट आणि डोंगरापलीकडे दुसरा दिसला की वाचकाला न सांगता कळते की तिथे वेगळे लोक राहतात. एखादे उपरे नाव दुसऱ्यांच्या मुलखात ठेवलेत तर त्यामागे जुने स्थलांतर किंवा स्वारी आहे हेही.

आता अक्षरकाम. मराठीतून नकाशा करणाऱ्याला इथे बहुतेक शिकवण्या उपयोगी पडत नाहीत, कारण त्या रोमन लिपीसाठी असतात. तिथे डोंगररांगेचे नाव अक्षरे दूर दूर सरकवून रांगेच्या लांबीभर पसरवतात. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. तेव्हा मोठ्या प्रदेशांची नावे पसरवण्याऐवजी ती मोठ्या आकारात, बारीक वजनात आणि फिक्या रंगात लिहा. गावांची नावे त्यावर गडद बसतात. नाव पसरवायचेच असेल तर इंकस्केपमध्ये ते लिहा, पाथ मेनूतून त्याचे आकारात रूपांतर करा, अक्षरे हाताने सरकवा आणि मधली शिरोरेषा स्वतः आयत काढून जोडा. मग सगळे युनियनने एक करा आणि पाथ इफेक्टमधल्या बेंडने रांगेप्रमाणे वाकवा. मूळ मजकूर मात्र एका लपवलेल्या थरावर जपून ठेवा, कारण आकारात बदललेल्या अक्षरांत शुद्धलेखन सुधारता येत नाही.

नदीचे नाव प्रवाहाच्या वळणावर लिहायचे तर टेक्स्ट मेनूत मजकूर रेषेवर बसवण्याची सोय आहे. वळण सौम्य घ्या. तीव्र वळणावर शिरोरेषेच्या सांध्यांत फटी पडतात. पाण्याची नावे तिरकी लिहिण्याची रोमन रीत आहे, पण देवनागरी अक्षर जबरदस्तीने तिरके केले की मात्रा आणि वेलांट्या कुरूप होतात. त्यापेक्षा पाण्यासाठी निळा रंग राखून ठेवा. वरच्या मात्रा-अनुस्वारांना आणि खालच्या उकारांना जागा लागते, म्हणून रोमन नकाशापेक्षा नावे थोडी विरळ ठेवा. गावाचे नाव ठिपक्याच्या उजवीकडे किंचित वर. किनाऱ्यावरच्या गावांची नावे शक्यतो समुद्रात. प्रत्येक नावामागे जमिनीच्या रंगाची तीन-चार पिक्सेलची कड दिली की ते नदी-डोंगरांवरूनही वाचता येते.

फाँटसाठी 'एक टाइप' या मुंबईच्या संस्थेचा 'मुक्त' हा फाँट स्वच्छ आणि लहान आकारातही वाचनीय आहे. जुन्या ग्रंथासारखे वळण हवे असेल तर आयआयटी मुंबईचा 'शोभिका' पाहा. दोन्ही मोफत आहेत. एका नकाशात दोनांपेक्षा जास्त फाँट नकोत. फोटोशॉप वापरत असाल तर पसंतीच्या पर्यायांत टाइपखाली दक्षिण आशियाई लिप्यांना चालणारी मांडणी निवडा, नाहीतर जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसते.

काम करताना प्रत्येक टप्प्याची प्रत वेगळ्या नावाने साठवा आणि एक प्रत दुसऱ्या जागी ठेवा. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी १८८१ साली स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी आपल्या सावत्र मुलासोबत एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्या नकाशातून 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी उगवली. पुस्तक छापायची वेळ आली तेव्हा प्रकाशकाकडे पाठवलेला तो नकाशा हरवला. मग त्यांना स्वतःच्याच कादंबरीतले एकेक उल्लेख तपासून उलट वाटेने नवा नकाशा करावा लागला आणि त्याबद्दलची हळहळ त्यांना पुढेही राहिली.

छापायचा असेल तर आधी मुद्रकाला कागद आणि आकार विचारा. दोन पानांवर पसरणाऱ्या नकाशात मधोमध शिवण येते, तिथे दोन्ही बाजूंना किमान एक सेंटिमीटर नाव किंवा गाव ठेवू नका. फक्त काळ्या रेघांचा नकाशा ६०० डीपीआयला दिला तर रेघ धारदार छापते. दिवाळी अंकासारख्या साध्या कागदावर शाई पसरते, म्हणून फिक्या छटा आणखी फिक्या करा आणि केसासारख्या रेघा जाड करा.

द्यायच्या आधी एक चाचणी. कथा न वाचलेल्या माणसासमोर नकाशा ठेवा आणि त्याला एका टोकाच्या बंदरातून दुसऱ्या टोकाच्या किल्ल्यापर्यंत वाट काढायला सांगा. तो कुठून जातो, किती दिवस धरतो, कुठे थबकतो, कोणते नाव अडखळत वाचतो हे गप्प राहून लिहून घ्या. मग त्या त्या गोष्टीच्या थरावर जाऊन दुरुस्ती करा; बाकीच्या थरांना हात लावायची गरज पडणार नाही.